सायलेन्सर का खडखडतो?

आसनगावला लोकलमधून उतरणारी बरीच मंडळी पुढे शहापूरकडे किंवा किन्हवलीच्या बाजूला जाणारी असतात. त्यांच्यासाठी स्टेशनबाहेर रिक्षा आणि जीप उभ्या असतात. त्यांतली एखादी जुनी जीप सुरू झाली, की पत्र्याच्या डब्यात खडे भरून हलवावेत तसा आवाज तिच्या पोटातून येतो. गाडीने जरा वेग घेतला की आवाज बंद होतो. पुढे गतिरोधक आला, वेग कमी झाला, की पुन्हा सुरू. ड्रायव्हरला विचारले तर एका शब्दात उत्तर मिळते, ‘सायलेन्सर’.

उत्तर बरोबर आहे, पण त्याने आपले समाधान होत नाही. सायलेन्सर सैल असेल तर तो सतत वाजायला हवा. ठराविक वेगालाच का वाजतो? सकाळी थंड गाडीत नसलेला आवाज कसारा घाट चढून आल्यावर का येतो? रिकाम्या गाडीत न येणारा आवाज दहा माणसे बसल्यावर का येतो? या तीन प्रश्नांची उत्तरे तीन वेगवेगळी आहेत आणि ती आठवी ते दहावीच्या भौतिकशास्त्रात दडलेली आहेत. दोलन, अनुनाद आणि औष्णिक प्रसरण हे धडे शिकवताना फळ्यावर लंबक, नादकाटा आणि धातूचा गोळा व कडे यांच्या आकृत्या काढल्या जातात. त्याच गोष्टी मुलांच्या रोजच्या वाटेवर खडखडत जात असतात. म्हणून या लेखात आपण गाडीखाली डोकावणार आहोत.

आधी गाडीखाली काय असते ते पाहू. बोलीभाषेत आपण ज्याला सरसकट सायलेन्सर म्हणतो ती खरे तर एक लांब नळी असते. तिचे पुढचे टोक इंजिनाच्या मॅनिफोल्डला बोल्टने घट्ट जोडलेले असते. मधे कुठेतरी आवाज दाबणारा डबा, म्हणजे खरा सायलेन्सर, असतो. पुढे ती नळी बहुधा मागच्या एक्सलवरून वळसा घेऊन गाडीच्या मागे उघडते. पुढचे टोक सोडले तर ती गाडीला कुठेही घट्ट जोडलेली नसते. चॅसीला किंवा तळाच्या पत्र्याला लावलेल्या आकड्यांमधून ती रबराच्या कड्यांवर लोंबकळत असते. या रबरांना गॅरेजमध्ये ‘हँगर’ म्हणतात. नळी आणि तळाचा पत्रा यांच्यात बोटभर, दोन बोटे जागा असते. ही जागा भरून निघाली की आवाज सुरू होतो.

कंपनीने बसवलेली नळी साच्यात वाकवलेली असते आणि तिच्या प्रत्येक वळणाचा विचार आधीच झालेला असतो. पण जुन्या गाडीचा मूळ भाग मिळेनासा होतो, किंवा मिळाला तरी परवडत नाही. मग महामार्गावरच्या एखाद्या वेल्डिंगच्या दुकानात नळीचे तुकडे कापून, जोडून नवा सायलेन्सर बनवला जातो. आमच्या परिचयाच्या एका शिक्षकांनी आपल्या जुन्या जीपला असाच सायलेन्सर करून घेतला. काम देखणे झाले होते, सांधे साफ होते, धूर कुठून गळत नव्हता. फक्त गाडी जागेवर उभी असताना तळाचा पत्रा वाजत होता. कारागीर मनापासून म्हणाला, ‘इथे एक सळई वेल्ड करून नळी चॅसीला पक्की करून टाकतो, आवाज येणार नाही.’ शिक्षकांनी ते करण्यापूर्वी आम्हाला विचारले. हा उपाय सगळीकडे सर्रास केला जातो आणि तो धोक्याचा का आहे, हे पुढे येईलच.

इंजिनाचे ठोके

चार सिलिंडरच्या चार-टप्पी इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा ज्वलन होते. म्हणजे चार सिलिंडर मिळून एका फेरीत दोन ठोके. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १५ फेरे आणि ३० ठोके होतात. त्यामुळे इंजिन आपल्या रबरी आधारांवर सेकंदाला ३० वेळा थरथरते आणि त्याला घट्ट जोडलेल्या नळीला तितक्याच वेळा धक्का देते. शास्त्रीय भाषेत, नळीवर ३० हर्ट्झ वारंवारतेचे प्रेरक बल लागते. १९८३ साली रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० ला तीन सिलिंडर होते. तिच्यासाठी हाच हिशोब ९०० फेऱ्यांना साडेबावीस हर्ट्झ असा येतो. मुलांना वेगवेगळ्या गाड्यांसाठी हे गणित करायला द्यावे, त्यात काही अवघड नाही.

आता नळीकडे वळू. कोणतीही नळी म्हणजे एक प्रकारची घंटाच असते. ती आपल्या स्वाभाविक वारंवारतेने वाकून कंप पावते. हे वर्गात दाखवता येते. पाण्याची अर्धा इंची लोखंडी नळी एक मीटर लांबीची घ्या. तिला मधोमध चिमटीत धरून ठोका, ठक्क असा मेलेला आवाज येईल. आता एका टोकापासून साडेबावीस सेंटिमीटरवर चिमटीत धरून, नळी उभी लोंबकळत ठेवून मध्यावर ठोका. नळी खणखणीत वाजेल आणि बराच वेळ वाजत राहील. दोन्ही टोके मोकळी असलेली सरळ नळी वाकून कंप पावते, तेव्हा तिच्यावर दोन बिंदू जवळजवळ स्थिर राहतात. ते प्रत्येक टोकापासून लांबीच्या २२.४ टक्के अंतरावर असतात. या बिंदूंना निस्पंद बिंदू म्हणतात. तिथे धरले तर कंपनाला अडथळा होत नाही. मध्यावर नळीची हालचाल बरीच असते, म्हणून तिथे धरले की कंपन मरते. (मंजुळ आवाजाच्या लोखंडी पट्ट्यांच्या खेळण्यात पट्ट्यांना भोके कुठे पाडलेली असतात, तेही मोजून पाहावे.)

अशा एक मीटर नळीची सर्वांत खालची वारंवारता सुमारे १२० हर्ट्झ येते. तीच नळी अर्धी कापली तर वारंवारता दुप्पट होत नाही, चौपट होते. कानाला हे सहज कळते. आवाज दोन सप्तके वर जातो. आजकाल बहुतेक शिक्षकांच्या मोबाइलमध्ये ध्वनीचा वर्णपट दाखवणारे ॲप चालते. त्यावर आकडेही वाचता येतील. वारंवारता लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात आणि नळीच्या जाडीच्या, म्हणजे व्यासाच्या, साधारण सम प्रमाणात बदलते, एवढे लक्षात ठेवले तर आपले काम भागते.

आता हाच नियम गाडीच्या नळीला लावू. तीन मीटर लांब, ४५ मिलिमीटर व्यासाची, दीड मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची पोलादी नळी सरळ आणि दोन्हीकडे मोकळी आहे असे धरले, तर तिची स्वाभाविक वारंवारता सुमारे ३१ हर्ट्झ निघते. इंजिनाचे ठोके ३०, नळी ३१! मुलाला झोका देताना झोक्याच्या लयीतच धक्के द्यावे लागतात, तेव्हा तो वर वर जातो. नळीचेही तसेच होते. इंजिनाचा प्रत्येक ठोका नळीच्या आपल्या लयीत पडतो आणि मिलिमीटरच्या अंशाएवढी थरथर वाढत वाढत काही मिलिमीटरची होते. हाच अनुनाद. इंजिनाने वेग घेतला की ठोके ४०, ५०, ६० हर्ट्झ होतात, लय चुकते आणि नळी शांत होते. जीप वेगात असताना न वाजण्याचे कारण हे आहे.

प्रत्यक्षात नळी वाकडी असते, मधे जड डबा असतो, एक टोक इंजिनाला बांधलेले असते. त्यामुळे ३१ हा आकडा नेमका मानू नये. कोणाची गाडी जागेवर उभी असताना वाजेल, कोणाची मिनिटाला १,३०० फेऱ्यांवर. पण एखाद्याने गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हळूहळू रेस केली आणि आवाज फक्त एका वेगाला येऊन पुढे गेला, तर तिथे अनुनाद आहे असे निःशंक समजावे.

एक शंका चाणाक्ष विद्यार्थी काढेल. तीस हर्ट्झचा आवाज म्हणजे अगदी खालचा घुमारा, माणसाच्या कानाला जेमतेम ऐकू येणारा. मग ही कर्कश खडखड कुठून येते? उत्तर ताशात आहे. काड्या सेकंदाला मोजक्याच वेळा पडतात, पण प्रत्येक आघाताला ताशाचे तोंड आपल्या स्वतःच्या कितीतरी वरच्या वारंवारतेने वाजते. गाडीच्या तळाचा पातळ पत्रा हा ताशा आणि नळी ही काडी. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. नळीच्या हालचालीचा विस्तार मधल्या जागेपेक्षा थोडासा जरी कमी असला तरी आवाज शून्य असतो, आणि थोडासा जास्त झाला की एकदम पूर्ण. त्यामुळे दोन-तीन मिलिमीटरचा फरकही इथे पुरेसा असतो. ‘जरासा’ वाकवून आवाज गेला आणि आठवड्याने परत आला, असे जे होते ते यामुळेच.

रबर किती मऊ असावे?

नळी चॅसीला पक्की बांधली तर ती पत्र्यावर आपटणार नाही, हे खरे. पण मग इंजिनाची सगळी थरथर नळीतून चॅसीत आणि चॅसीतून माणसांच्या हाडांत जाईल. खडखड जाऊन त्या जागी डोके दुखवणारा घुमारा येईल. रबराचे काम नळीला धरणे एवढेच नसून थरथर तिथेच अडवणे हे आहे.

रबर किती मऊ आहे हे मोजण्याची एक सोपी युक्ती आहे. टांगलेल्या वजनाने रबर जितके सेंटिमीटर ताणले जाते, त्या संख्येच्या वर्गमुळाने ५ ला भागावे. म्हणजे ते वजन वरखाली किती हर्ट्झने झुलेल हे मिळते. रबर १ सेंटिमीटर ताणले गेले तर ५ हर्ट्झ, ४ सेंटिमीटर ताणले गेले तर अडीच. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून तिला एक किलोचे वजन टांगा, ताण मोजा आणि दहा सेकंदांतील झोके मोजा. रबराचा ताण वजनाच्या अगदी सरळ प्रमाणात नसतो, म्हणून थोडा फरक पडेल. स्प्रिंग घेतली तर आकडे छान जुळतात. गंमत अशी की या सूत्रात वस्तुमान कुठेच येत नाही. फक्त ताण मोजला की पुरते.

आता पाहा. हँगर १ सेंटिमीटर ताणलेला असेल, म्हणजे ५ हर्ट्झचा असेल, तर ३० हर्ट्झच्या थरथरीचा सुमारे पस्तिसावा भाग चॅसीपर्यंत पोहोचतो. हँगर कडक असून १ मिलिमीटरच ताणला जात असेल, तर तो सुमारे १६ हर्ट्झचा होतो आणि जवळजवळ ४० टक्के थरथर वर जाते. ताण एक तृतीयांश मिलिमीटरपेक्षाही कमी असेल, तर हँगरची वारंवारता ३० च्या घरात जाते. मग रबर थरथर अडवण्याऐवजी वाढवते! ट्रकच्या टायरचा जाड तुकडा कापून हँगर म्हणून ठोकलेला अनेकदा दिसतो. त्याने तुटायची भीती जाते, पण काम बिघडते.

मग रबर जितके मऊ तितके चांगले का? तसेही नाही. फार मऊ रबरावर नळी खड्ड्याखड्ड्याला मोठे झोके घेईल आणि पत्र्यावर आपटेल. खर्डीपासून आतल्या गावांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पावसाळ्यानंतर ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना हे पटवून द्यायला नको. म्हणजे पुरेसे मऊ रबर आणि त्याला झोका घ्यायला पुरेशी जागा, या दोन्ही गोष्टी एकदमच हव्यात. हँगरची जागा निवडायला मात्र मघाचा प्रयोग उपयोगी पडतो. नळी जिथे सर्वांत कमी हलते, त्या निस्पंद बिंदूजवळ हँगर लावला तर त्याच्याकडे थरथर मुळात कमी येते. मोटारीचे अभियंते संगणकावर नळीचे हे बिंदू काढूनच हँगरच्या जागा ठरवतात. आपल्या कारागिराला संगणक नको. गाडी चालू ठेवून लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक नळीवर ठिकठिकाणी टेकवले, तर हाताला कुठे जास्त आणि कुठे कमी थरथर आहे हे लगेच कळते. नळी तापण्याआधी, पहिल्या मिनिटातच हे करावे.

घाट चढून आल्यावर

पोलाद तापले की वाढते. एक मीटर साधे पोलाद एक अंश सेल्सिअसला सुमारे १२ मायक्रोमीटर वाढते. हा आकडा इतका लहान वाटतो, की मुले तो पाठ करतात आणि विसरतात. पण तीन मीटरची नळी सरासरी ३०० अंशांनी तापली, तर ती जवळजवळ ११ मिलिमीटर वाढते. गंज नको म्हणून हल्ली हौसेने स्टेनलेस स्टीलची नळी बसवतात. नेहमीच्या स्टेनलेस स्टीलचे प्रसरण अंशाला १७ मायक्रोमीटर असते. तीच नळी आता १५ मिलिमीटर वाढेल. दुकानात थंड असताना कारागिराने डोळ्यांनी अंदाज घेऊन बोटभर जागा ठेवलेली असते. भरलेली गाडी कसारा घाट चढते, इंजिनावर बराच वेळ पूर्ण भार येतो, धूर आणि नळी दोन्ही खूप तापतात. पुढचे टोक इंजिनाला बांधलेले असल्याने सगळी वाढ मागे सरकते आणि एक्सलवरचे वळण मागच्या आडव्या पट्टीला जाऊन टेकते. इगतपुरीला चहाला थांबेपर्यंत आवाज येतो आणि चहा पिऊन निघताना नसतो. पुष्कळांना हे भुताटकीसारखे वाटते.

आता त्या सळईकडे वळू. वाढू पाहणाऱ्या सरळ नळीची दोन्ही टोके जखडून टाकली, तर तिच्यात केवढा ताण येईल? पोलादाचा लवचीकता गुणांक, प्रसरण गुणांक आणि तापमानातील वाढ यांचा गुणाकार केला की ३०० अंशांना ७२० मेगापास्कल येतात. साधे पोलाद सुमारे २५० मेगापास्कलला कायमचे वाकू लागते. म्हणजे हा ताण त्याच्या सहनशक्तीच्या जवळजवळ तिप्पट आहे. नळीला वळणे असतात, ती थोडी वाकून घेते, म्हणून प्रत्यक्ष ताण यापेक्षा कमी भरतो. पण गाडी रोज तापते आणि रोज निवते. हे रोजचे ताणणे-सोडणे काही महिन्यांत कुठेतरी तडा पाडते. तो तडा सळईच्या वेल्डिंगला गेला तर नशीब. बहुधा तो पुढे, मॅनिफोल्डच्या सांध्याजवळ जातो, कारण ओढ तिथे पोहोचते.

यावर आसनगावच्या वर्गात एक अडचणीचा प्रश्न येणारच, कारण रेल्वे मुलांच्या दारात आहे. ‘सर, मग रूळ कसे वेल्ड करतात? ते नाही का तापत?’ प्रश्न फार चांगला आहे. पूर्वी दोन रुळांमध्ये फट ठेवत, आता मुख्य मार्गांवर लांबच लांब रूळ जोडलेले असतात. फरक तापमानात आहे. रूळ जोडताना ते मधल्या तापमानाला ताणरहित अवस्थेत पक्के करतात, त्यामुळे उन्हाळ्यात त्यावरची वाढ साधारण ३०-३५ अंशांचीच राहते. गुणाकार केला तर ताण ७०-८० मेगापास्कलच्या आसपास येतो. तो पोलाद सहज सोसते. प्रश्न उरतो तो रूळ बाजूला फुगून बाहेर येण्याचा, आणि तो स्लीपर व खडीचा भराव दाबून धरतात. सायलेन्सरच्या नळीत तापमान दहापट वाढते आणि तिला दाबून धरणारी खडीही नसते. म्हणून रुळाला जे चालते ते नळीला चालत नाही.

तडा गेल्याचा परिणाम केवळ आवाजापुरता नसतो. सायलेन्सरच्या पुढे फुटलेल्या नळीतून कार्बन मोनॉक्साइड गाडीखाली पसरतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट बांधला जातो, त्यामुळे थोडा वायूही रक्तातील पुष्कळ जागा अडवतो. डोके दुखणे, मळमळ, सुस्ती ही त्याची पहिली लक्षणे. घाटात गाडी लागली असे समजून आपण ती सोडून देतो. जुन्या जीपच्या तळाला भोके पडलेली असतात. मागे ताडपत्रीचा हूड असेल, तर चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होऊन धूर आत ओढला जातो. अशा गाड्यांत मागच्या बाकांवर शाळेची मुले बसलेली असतात. पेट्रोल इंजिनाच्या धुरात हा वायू डिझेलपेक्षा बराच जास्त असतो, पण डिझेल म्हणून निर्धास्त राहावे असे नाही. आपटणारी नळी छाटून ती गाडीच्या पोटाखालीच संपवणे हा दुसरा लोकप्रिय उपाय. तोही याच कारणाने वाईट. नळीचे तोंड गाडीच्या मागच्या कडेपर्यंत यायलाच हवे.

ओझे बसल्यावर

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येईल. नळी चॅसीला टांगलेली असते, एक्सल मात्र चाकांबरोबर असतो. माणसे बसली की पाटे दबतात, चॅसी खाली येते आणि तिच्याबरोबर नळी एक्सलकडे सरकते. एक्सलवरून जाणाऱ्या वळणाखाली रिकाम्या गाडीत चार बोटे जागा दिसते, ती भरल्या गाडीत दोन बोटे उरते आणि खड्ड्यात शून्य होते. म्हणून नळीची जागा तपासायची तर गाडीत ओझे घालून तपासावी. शिवाय जाड आवाजासाठी ४५ ऐवजी ६० मिलिमीटरची नळी बसवली, तर मध्यरेषा तीच राहूनही वरची जागा साडेसात मिलिमीटरने कमी होते. हौसेची किंमत अशी मोजता येते. या हौसेला कायद्याचाही अडसर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० प्रमाणे आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर प्रत्येक वाहनाला असलाच पाहिजे. फटाक्यासारखे वाजणारे सायलेन्सर जप्त करून पोलिसांनी ते रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे महाराष्ट्रातील अनेक शहरांतून प्रसिद्ध झाली आहेत. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ च्या गाड्यांत तर धूर शुद्ध करणारी यंत्रणाच या नळीत बसवलेली असते. तिला हात लावण्याचा विचारही करू नये.

दुरुस्ती करताना

पहिले काम आवाजाची जागा शोधण्याचे. गाडी पूर्ण थंड असावी, सपाट जागी असावी आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही शिरू नये. खाली पक्के स्टँड हवेत. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी करू नये, कारण वर आलेच आहे. मग नळीला हाताने सगळ्या दिशांनी ढकलून पाहावे. जिथे ती आपटते तिथे गंज घासून निघालेला चकचकीत ठिपका नळीवर आणि समोर पत्र्यावर, असा जोडीने सापडतो. ठिपका सापडला नाही तर संशयाच्या जागी पत्र्यावर ओल्या चिकणमातीचा जाड थर लावून गाडी थोडी फिरवून आणावी. नळीने मातीत उमटवलेला खोलगट ठसा मोजला की किती जागा कमी पडते हे मिलिमीटरमध्ये कळते. पुष्कळदा ठिपकाही नसतो, ठसाही नसतो. तेव्हा उष्णतारोधक पत्र्याची पट्टी सुटलेली असते किंवा डब्याच्या आतला पडदा गंजून सैल झालेला असतो. रबरी हातोडीने डबा ठोकला की आतला आवाज वेगळा ओळखू येतो.

नळीच आपटत असेल तर एकाच जागी ठोकून वाकवण्यापेक्षा सगळे सांधे सैल करावेत. नळीला हँगरवर मोकळी लोंबू द्यावी, तिला फिरवून सगळीकडे जागा सारखी करावी आणि मगच बोल्ट कसावेत. ओढून ताणून जागेवर आणलेली नळी पुन्हा आपल्या मूळ जागी जाते. सर्व बाजूंनी दोन ते अडीच सेंटिमीटर जागा असावी. त्यातले दीडेक सेंटिमीटर प्रसरणात आणि थरथरीत जाईल, उरलेले खड्ड्यांसाठी. हँगर थंड असताना किंचित पुढे कललेले ठेवावेत, म्हणजे नळी तापून मागे सरकली की ते सरळ होतात. इंजिनाच्या जवळ घड्या घातलेल्या पोलादी नळीचा लवचीक तुकडा बसवला, तर इंजिनाचा हिसका मागे पोहोचतच नाही. खर्च होतो, पण बनवून घेतलेल्या सायलेन्सरमध्ये एकच सुधारणा करायची असेल तर आम्ही हीच सुचवू. त्या शिक्षकांच्या जीपला तेच केले, सळई वगळली आणि मागचा एक हँगर वीतभर पुढे घेतला.

मधल्या जागेत कापड किंवा दोरी कोंबून आवाज दाबणे वाईट. त्यात पाणी मुरते आणि नळी आतून-बाहेरून गंजते. पूर्वी यासाठी ॲस्बेस्टॉसची दोरी वापरत. तिचे तंतू फुप्फुसात जाऊन कर्करोगाला कारण होतात. जुन्या गाडीत ती आढळली तर कोरडी ओरबाडून काढू नये. तपासताना ब्रेकची आणि इंधनाची नळी सायलेन्सरपासून किती दूर आहे, हेही पाहून घ्यावे. माहुलीच्या पायथ्याशी किंवा तानसाच्या जंगलात फेब्रुवारीनंतर सागाचा वाळलेला पाचोळा पसरलेला असतो. घाट चढून आलेली, खाली लोंबणारी नळी त्यावर टेकेल अशा ठिकाणी गाडी उभी करू नये. वाळलेला पाला पेटायला अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपासचे तापमान पुरते, आणि तेवढे तापमान नळीला असू शकते.

वर्गासाठी एक शेवटचा प्रयोग. लांबून आलेली गाडी बंद केली की तिच्याखालून टिक्, टिक् असा आवाज येऊ लागतो. निवणारी नळी आखडत असते. सांध्यांत आणि कड्यांत ती घर्षणाने अडकून राहते आणि ओढ पुरेशी वाढली की थोडीशी निसटते. प्रत्येक निसटण्याला एक टिक्. मुलांना गाडीपासून दोन हात दूर बसवून पहिल्या दहा मिनिटांत दर मिनिटाला किती टिकटिक ऐकू येतात ते लिहून घ्यायला सांगा आणि आलेख काढायला लावा. सुरुवातीला मोजता मोजता पुरेवाट होईल, पुढे पुढे आवाज विरळ होत जाईल. न्यूटनच्या शीतकरणाच्या नियमाप्रमाणे गरम पाण्याच्या तापमानाचा जो आलेख मुलांनी काढलेला असतो, त्याच्या शेजारी हा आलेख ठेवून दोघांचा उतार ताडून पाहावा.